संताप: अर्थ, वापर आणि गोतावळा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रागावण्यासाठी मराठीत शब्दांची टंचाई कधीच नव्हती. अडचण उलटी आहे: इतके शब्द हाताशी असताना कुठला कुठे वापरायचा? मराठी शिकणारे, शिकवणारे, भाषांतर करणारे आणि बातम्या लिहिणारे यांच्याकडून येणारे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. मध्यभागी 'संताप' आहे, त्याचे भाऊबंद ओघाने येतील.

संताप म्हणजे फार मोठा राग, एवढंच ना?

कोशात तसंच लिहिलेलं सापडेल आणि घाईत ते चालूनही जातं. पण फरक नुसता आकाराचा नाही. एक साधी परीक्षा करून बघा. 'लटका राग' म्हणता येतं, 'लटका संताप' कुणी म्हणत नाही. आजी नातवावर लटकं रागावते. लटकं संतापता येत नाही. राग मनात धरता येतो, 'भावाशी वाटणीवरून बिनसलं तेव्हापासून राग धरून बसलाय' असं आपण म्हणतो. संताप धरून बसता येत नाही. तो येतो, अनावर होतो, ओसरतो. नंतर मागे उरतो तो राग, किंवा अढी.

दुसरं म्हणजे कारण. राग कशानेही येतो. भूक लागली, झोपमोड झाली, तरी येतो. संतापाच्या मुळाशी बहुतेक वेळा अन्याय, अपमान किंवा समोरच्याचा निर्ढावलेपणा असतो आणि आपल्याला त्यावर काही करता येत नाही ही बोच असते. 'दोन तास रांगेत उभे राहिलो आणि आमचा नंबर आल्यावर खिडकी लावून घेतली' या वाक्याला 'राग आला' हे उत्तर फिकं पडतं. तिथे 'संताप झाला' हेच तोंडून निघतं.

हा शब्द आला कुठून?

संस्कृत 'तप्' धातूपासून. तप् म्हणजे तापणे, पोळणे. त्याला 'सम्' हा उपसर्ग लागला की 'पूर्णपणे, सगळीकडून' अशी छटा येते. संताप म्हणजे सर्वांगाचा ताप. संस्कृतात हा शब्द मुख्यतः उष्णता, दाह, पीडा आणि मनाची होरपळ यांसाठी आहे. आयुर्वेदात ज्वराची व्याख्या करताना 'स्वेदावरोधः सन्तापः सर्वाङ्गग्रहणं तथा' असं म्हटलं आहे: घाम अडणे, अंग तापणे, सगळं अंग धरणे. इथला 'सन्ताप' म्हणजे चक्क अंगातला ताप, राग नव्हे.

गंमत अशी की ताप आणि कोप यांची गाठ पुराणांनीही घातली आहे. दक्षाच्या यज्ञात अपमान झाला, रुद्र संतापला आणि त्या कोपातून ज्वर जन्मला, अशी कथा आहे.

तप् धातूचं कुटुंब मराठीत भरपूर पसरलं आहे. ताप, तापट, तापमान, तप, तपस्या, मनस्ताप, पश्चात्ताप, संतप्त ही उघड नाती. थोडं लपलेलं नातं म्हणजे 'ताव'. संस्कृत 'ताप'चं प्राकृतात 'ताव' झालं आणि तेच मराठीत राहिलं. म्हणून आपण तावातावाने भांडतो, आणि सोनं तावून सुलाखून घेतो. कागदाचा ताव मात्र या घरातला नाही, तो फारसीतून आला.

पसायदानातलं 'मार्तंड जे तापहीन' आठवा. सूर्य असूनही न पोळणारे, असे सज्जन ज्ञानेश्वरांनी मागितले. तिथल्या 'ताप'मध्ये ऊन आणि पीडा दोन्ही आहेत.

तेलुगू आणि कन्नडमध्ये 'संताप सभा' असा फलक दिसतो. तिथे कोण कुणावर संतापलेलं असतं?

कुणीच नाही. ती शोकसभा असते. तेलुगूत 'संतापम्' आणि कन्नडमध्ये 'संताप' म्हणजे दुःख, शोक. कुणी गेलं की पुढाऱ्यांचा 'संताप' जाहीर होतो, म्हणजे शोकसंदेश येतो. हैदराबादेत किंवा बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला हे रोजचं असतं. सोलापूर-नांदेडकडून पहिल्यांदा गेलेला मात्र दचकतो. हिंदीतही 'संताप' म्हणजे मनाची पीडा, दुःख. हिंदी मजकुरातल्या 'पुत्र-वियोग का संताप' याचं मराठी 'पुत्रवियोगाचा संताप' करणाऱ्या भाषांतरकाराने कपाळाला हात लावावा.

म्हणजे मूळचा अर्थ 'होरपळ'. शेजारच्या भाषांनी त्यातली दुःखाची बाजू ठेवली, मराठीने रागाची. पण मराठीनेही मूळ पुरतं सोडलेलं नाही, असं माझं मत आहे. मराठी संतापात पोळतो तो संतापणारा. समोरचा बहुधा सुखात असतो.

'वीतरागभयक्रोध' यात राग आणि क्रोध दोन्ही का? पुनरुक्ती आहे का?

नाही. गीतेतल्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचं वर्णन करताना हा शब्द येतो आणि मराठी वाचक हमखास अडखळतो. संस्कृतात 'राग' म्हणजे ओढ, आसक्ती. मूळ धातू 'रञ्ज्', म्हणजे रंगणे. त्यातूनच रंग, रक्त, रंजन, अनुरक्त, विरक्त हे शब्द आले. 'रागद्वेष' या जोडीत राग हा द्वेषाच्या विरुद्ध आहे. 'अनुराग' म्हणजे प्रेम. गाण्यातला राग मनाला रंगवतो म्हणून राग.

मग मराठीत तो रागावला कसा? लाल होण्यातून, भावनेने रंगून जाण्यातून ही वाट निघाली असावी असं मानायला जागा आहे. ती वाट जुनी आहे हे नक्की. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांत 'विश्व रागें झाले वन्ही। संतें सुखें व्हावें पाणी' असं म्हटलं आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर दार लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने दाराबाहेरून घातलेली ही समजूत. जग रागाने आग झालं असेल तर संतांनी पाणी व्हावं. इथे 'राग' मराठी अर्थानेच आलेला आहे.

एक जोडी मात्र जुन्या-नव्याच्या सीमेवर उभी आहे: 'रागलोभ'. 'राग नसावा, लोभ असावा' यात राग मराठी आणि लोभ मात्र गोड. एरवी लोभ म्हणजे हाव, पण पत्राच्या शेवटी 'लोभ आहेच, तो वाढावा' लिहिताना कुणी हाव मागत नाही.

'बाबा माझ्यावर रागावले' आणि 'बाबा मला रागावले', काय बरोबर?

दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. 'माझ्यावर रागावले' म्हणजे त्यांच्या मनात राग आहे. कदाचित ते एक अक्षरही बोलले नसतील. 'मला रागावले' म्हणजे मला बोलले, दटावलं, शब्दांचा मार मिळाला. मनात तितकासा राग नसतानाही आई मुलाला रागावते. परदेशात वाढलेल्या मुलांना हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो, कारण तो एका प्रत्ययावर उभा आहे.

'संतापणे' याला ही सोय नाही. 'बाबा माझ्यावर संतापले' होतं. 'बाबा मला संतापले' होत नाही. संतापणं म्हणजे शिस्त लावणं नव्हे.

'मला संताप आला' म्हणावं की 'माझा संताप झाला'?

दोन्ही चालतं आणि हीच संतापाची खासियत आहे. राग येतो, 'माझा राग झाला' असं आपण म्हणत नाही. संताप येतोही आणि होतोही. 'माझा संताप झाला', 'माझा नुसता संताप संताप झाला', 'माझा जळफळाट झाला', 'माझी चिडचिड झाली'. या रचनेची आणखी उदाहरणं पाहा: 'माझे हाल झाले', 'माझी फजिती झाली', 'माझी तारांबळ उडाली'. सगळी सोसण्याची वाक्यं आहेत. मघाशी होरपळीबद्दल जे म्हटलं त्याला व्याकरणाचा हा पाठिंबा आहे.

संस्कृतात कोन वेगळा होता. ज्याच्यावर रागवायचं त्याला चतुर्थी लावायची, असं पाणिनीचं सूत्र आहे: 'क्रुधद्रुहेर्ष्यासूयार्थानां यं प्रति कोपः'. मराठीत 'राग येणे' म्हणताना 'ला' लागतो तो राग आलेल्याला: 'मला त्याचा राग आला'.

संतप्त, संतापी, संतापलेला, संतापजनक?

संतप्त आणि संतापलेला हे त्या क्षणापुरते. संतापी हा स्वभाव. बोलण्यात त्यापेक्षा 'तापट' जास्त चालतो. संतापजनक ते, ज्याने संताप येतो: घटना, वक्तव्य, निकाल. 'संतापजनक माणूस' लिहू नका, तिथे 'डोक्यात जाणारा माणूस' हे जिवंत मराठी हजर आहे.

बोलताना 'संतप्त' जवळजवळ कुणी वापरत नाही. 'काल आई संतप्त होती' म्हणणाऱ्या मुलाकडे आई आणखी रागाने बघेल. हा बातम्यांचा आणि भाषणांचा शब्द आहे.

क्रोध, कोप, रोष, क्षोभ, त्वेष: हे सगळे समानार्थी नाहीत का?

शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत येतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. कमी तीव्रतेपासून जास्त तीव्रतेपर्यंत यांची शिडी लावून द्या, अशीही मागणी असते. तशी शिडी लागत नाही. हे शब्द वजनाने कमी आणि वावराने जास्त वेगळे आहेत.

क्रोध हा विकार आहे. तो षड्‌रिपूंत बसतो, काम-लोभ-मोहाच्या पंगतीत. 'नको रे मना क्रोध हा खेदकारी' असं रामदास सांगतात, तिथे 'राग' घातला तर श्लोकाचं वजन जातं. नाट्यशास्त्रात रौद्र रसाचा स्थायीभाव क्रोध, रंग तांबडा, देवता रुद्र. घरात कुणाला क्रोध येत नाही; प्रवचनात, पुराणात आणि नाटकात येतो.

कोप वरून खाली होतो. कोपणाऱ्याच्या हाती शिक्षा करण्याची ताकद असावी लागते. देव कोपतो, देवी कोपते, राजा कोपतो, निसर्ग कोपतो. कारकून साहेबावर कोपू शकत नाही, म्हटलंच तर विनोदाने. धातू 'कुप्', म्हणजे खळबळणे, उसळणे. म्हणून आयुर्वेदात दोषांचा 'प्रकोप' होतो आणि बातम्यांत साथीचा, थंडीचा. या प्रकोपात कुणी रागावलेलं नसतं.

रोष ओढवून घेतला जातो. 'जनतेचा रोष पत्करावा लागला', 'वरिष्ठांचा रोष ओढवला'. रोष सहसा ज्याच्यावर होतो त्याच्या बाजूने सांगितला जातो. याचा धातू 'रुष्' आणि त्याच धातूपासून प्राकृतातून आलेला घरगुती भाऊ म्हणजे 'रुसणे'. एकाच घरातला एक मोर्चात गेला, दुसरा दिवाळसणाला सासरी येऊन कोपऱ्यात बसला.

क्षोभ म्हणजे ढवळून निघणे. तो बहुधा समूहाचा: लोकक्षोभ, जनक्षोभ. एकट्या माणसाच्या रागाला क्षोभ म्हटलं की नाटकी वाटतं. 'प्रक्षोभक भाषण' यातला प्रक्षोभ तोच.

त्वेष मला या सगळ्यांत वेगळा वाटतो, कारण मराठी माणूस त्याला दोष मानत नाही. 'त्विष्' म्हणजे झळकणे, पेटून उठणे. 'मावळे त्वेषाने तुटून पडले' हे कौतुक आहे. त्वेषात हात चालतात. संतापात बऱ्याचदा हात बांधलेले असतात.

त्रागा म्हणजेही रागच का?

राग आहे, पण स्वतःवर उलटलेला. जेवणाचं ताट ढकलून उठणे, 'मी मेलेच पाहिजे म्हणजे सुटाल सगळे' म्हणणे, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेणे, हा त्रागा. समोरच्यावर हात उगारता येत नाही म्हणून स्वतःला इजा करून त्याला नमवायचं. सौराष्ट्रात चारण आणि भाट पूर्वी करारांना जामीन राहत आणि करार मोडला तर स्वतःला जखमी करून, प्रसंगी जीव देऊन त्या पापाचं ओझं करार मोडणाऱ्यावर टाकत. त्यालाही 'त्रागू' असंच म्हणत. मराठी घरातला त्रागा एवढ्या थराला जात नाही, पण तर्क तोच आहे.

याच्या शेजारी 'तळतळाट' ठेवायला हवा. गरिबाचा, नाडलेल्याचा असहाय संताप म्हणजे तळतळाट. तो शापासारखा 'लागतो'. 'कुणाचा तळतळाट घेऊ नये' या वाक्यात संतापलेल्या दुबळ्याला एक अदृश्य ताकद बहाल केलेली आहे.

संतापाचे वाक्प्रचार कोणते आणि ते एकमेकांच्या जागी चालतात का?

फारच थोडे चालतात. नेहमीचे घेऊ.

'तळपायाची आग मस्तकात जाणे' हे एका क्षणाचं काम. काहीतरी ऐकलं, पाहिलं आणि सर्रकन चढलं. 'हळूहळू तळपायाची आग मस्तकात गेली' असं लिहिलेलं वाचनात येतं. तो वाक्प्रचाराचा अपमान आहे.

'अंगाचा तिळपापड होणे' यात संतापाबरोबर चडफड आहे. प्रतिस्पर्ध्याला मान मिळाला, आपल्याला डावललं, की तिळपापड होतो. 'जळफळाट' याच गल्लीतला, त्यात मत्सर अधिक. 'अंगाची लाही लाही होणे' मात्र उन्हानेही होतं आणि रागानेही, म्हणून संदर्भ द्यावा लागतो.

'डोक्यात राख घालून घेणे' हा माझ्या मते सगळ्यांत नेमका. याचा अर्थ नुसतं संतापणं नाही, तर संतापाच्या भरात काहीतरी टोकाचं करून बसणं. 'डोक्यात राख घालून नोकरी सोडली', 'डोक्यात राख घालून घरातून निघून गेला'. ज्याने काहीच केलं नाही, त्याने डोक्यात राख घातलेली नाही.

'पित्त खवळणे' आयुर्वेदातून आलं. 'क्रोधात् पित्तम्', क्रोधाने पित्त वाढतं, असं चरकसंहिता सांगते. मराठीने ते उलटंही वापरलं, पित्त खवळलं म्हणजे माणूस खवळला. 'पारा चढणे' पुष्कळ अलीकडचं. ताप मोजायची काचेची नळी आल्यानंतरचं.

'आगपाखड' तोंडाने होते आणि तिला श्रोता लागतो. 'दातओठ खाणे' मुकं असतं. 'चरफडणे' आणि 'धुमसणे' आतल्या आत. 'तणतण' चालू असते तेव्हा भांडी वाजतात. 'थयथयाट' आणि 'आकांडतांडव' हे शब्द संतापणारा स्वतःसाठी कधी वापरत नाही, ते बघणाऱ्याचे आहेत आणि त्यात खिल्ली आहे. 'मी आकांडतांडव केलं' असं कुणी म्हणत असेल तर तो आता शांत झालेला आहे.

आणि 'वड्याचं तेल वांग्यावर काढणे', म्हणजे राग एकाचा, भोगणारा दुसरा. कार्यालयात खाल्लेली बोलणी घरी येऊन मुलांवर काढली जातात तेव्हा हाच प्रकार चाललेला असतो.

तापट माणसाला जमदग्नी किंवा दुर्वास म्हणतात. बाईला काय म्हणतात?

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर फारसं सुखाचं नाही. पुरुष संतापला की त्याला ऋषीची पदवी मिळते: जमदग्नी, दुर्वास, शीघ्रकोपी. नरसिंहावतार, रुद्रावतार हेही त्याचेच. वर 'तापट आहे, पण मनाने चांगला' ही पुरवणी. बाई संतापली की शब्द एकदम खाली उतरतात: फणकारा, तणतण, आदळआपट, कजाग, भांडकुदळ. 'रणचंडिका' आहे खरा, पण तोही बहुधा टोमण्यातच येतो. रामायणातली कैकेयी कोपभवनात गेली, त्याची आपण अजून टिंगल करतो. दुर्वासाने शकुंतलेला एवढ्याशा कारणावरून शाप दिला, त्याला मात्र तपाचं तेज म्हणतो. कोशकारांनी हे शब्द बदलावेत असं मी म्हणणार नाही. लिहिणाऱ्याने बाईच्या रास्त संतापाला 'फणकारा' म्हणण्याआधी एकदा थांबावं, एवढं म्हणेन.

'जनआक्रोश मोर्चा' हे मराठी आहे का?

आता झालं आहे. मराठीत आक्रोश म्हणजे मोठ्याने केलेला शोक: 'नातेवाइकांनी एकच आक्रोश केला'. हिंदीत आक्रोश म्हणजे रोष, संताप. मोर्चाच्या नावांतून हिंदी अर्थ मराठीत उतरला आणि रुळला. मोर्चाच्या फलकावर तो कुणाला खटकत नाही, पण अपघाताच्या बातमीत 'ग्रामस्थांचा आक्रोश' लिहिलं की ते रडत होते की दगड मारत होते हे कळत नाही. तिथे संताप किंवा शोक असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

घुस्सा हा मराठी शब्द आहे का? आणि गहजब, कहर?

घुस्सा मराठीत जुना आहे, 'घुश्शात' या रूपात विशेष: 'ती घुश्शातच निघून गेली'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ घशात अडकणं, गुदमरणं. फारसीत त्याचं दुःख झालं, हिंदी-उर्दूत राग. संतापाने जो प्रवास केला, थेट तसाच. मराठी घुस्सा मात्र हलका आहे, त्यात रुसव्याचा अंश असतो.

गहजब आणि कहर हे दोन्ही मुळात अरबीतले कोपवाचक शब्द. मराठीत राग गळून पडला आणि नुसता गोंधळ उरला: गहजब माजतो, पावसाचा कहर होतो. दरबारी भाषेतून आलेली 'इतराजी' आणि 'खप्पामर्जी' मात्र अजून रागाच्याच कामावर आहेत. साहेबाची खप्पामर्जी झालेल्यांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

बोलींमध्ये काय म्हणतात?

राग सगळीकडे आहे, क्रियापद बदलतं. मालवणीत 'माका राग इलो', वऱ्हाडीत 'मले राग आला'. कोल्हापूरकडे टकुरं सटकतं, टाळकं फिरतं. मुंबईत 'माझी सटकली', यात काय सटकली हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. 'संताप' हा शब्द बोलींत कमी, प्रमाण मराठीत जास्त. गावाकडे त्याच्या जागी बहुतेक वेळा 'डोकं' येतं: डोकं फिरलं, डोकं तापलं, डोकं उठलं.

बातमीत 'तीव्र संताप व्यक्त होत आहे' हे वाक्य इतकं का येतं?

कारण ते फुकट आहे. कोण संतापलं, किती जण, त्यांनी काय केलं, यातलं काहीच विचारावं लागत नाही. 'संतापाची लाट उसळली' हेही तसंच. पाच-पंचवीस लोकांनी रस्ता अडवला असेल तर तेवढंच लिहावं. संताप वाचकाला दिसतो.

उलट उदाहरण मराठी पत्रकारितेतच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली जे चाललं आणि प्लेग अधिकारी रँड याच्यावरील हल्ल्यानंतर सरकारने जी धरपकड व दडपशाही आरंभली, त्यावर जुलैमध्ये 'केसरी'त टिळकांचा अग्रलेख आला: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' मथळ्यात राग, संताप, क्षोभ यांतला एकही शब्द नाही. घरात कुणीही कुणाला विचारेल असा प्रश्न आहे आणि तो सरकारला विचारला आहे. त्यांना मिळालेली उपाधीसुद्धा 'असंतोषाचे जनक' अशी आहे. असंतोष संतापापेक्षा थंड असतो आणि जास्त टिकतो.

तक्रारीच्या पत्रात 'संताप' लिहावा का?

शक्यतो नको. अर्जात 'नाराजी', 'तीव्र नापसंती' आणि सार्वजनिक प्रश्न असेल तर 'निषेध' हे शब्द कामाचे. 'मला अतिशय संताप आला आहे' लिहिलं की वाचणारा कारकून तक्रार बाजूला ठेवून तुमच्या स्वभावाचा विचार करू लागतो. तारखा, पावत्या आणि काय हवं ते लिहा. 'खेद' हा शब्द मात्र जपून वापरा. 'खेद वाटतो' म्हणजे वाईट वाटतं आणि चूक करणारेच तो जास्त वापरतात.

'रागाच्या भरात' याला कायद्यात काही अर्थ आहे का?

आहे, पण लोक समजतात तितका सैल नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मध्ये खुनाचे अपवाद होते. पहिला अपवाद असा की गंभीर आणि अचानक चिथावणीने माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि त्या अवस्थेत मृत्यू घडवला, तर तो गुन्हा खून न धरता सदोष मनुष्यवध धरायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा अपवाद कलम १०१ मध्ये आहे.

'अचानक' या शब्दाचा कस मुंबईतल्या नानावटी खटल्यात लागला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाने तो कौल मानला नाही आणि जन्मठेप दिली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मुद्दा वेळेचा होता. दुपारी दीडला ते घरातून निघाले, गोळ्या चार वाजून वीस मिनिटांनी सुटल्या. मधल्या काळात बायकामुलांना सिनेमाला सोडणं, जहाजावरून रिव्हॉल्वर घेणं, शोध घेत जाणं झालं होतं. भानावर यायला एवढा वेळ पुरेसा आहे, असं न्यायालय म्हणालं. मराठीत सांगायचं तर, संताप ओसरायला वेळ मिळाला होता, उरला होता तो राग.

संतापाच्या विरुद्ध शब्द कोणता?

एक नाही. परीक्षेत 'शांती' लिहा, गुण मिळतील. प्रत्यक्षात भाषा विरुद्ध नामापेक्षा क्रियापदं वापरते आणि ती बहुतेक निवण्याची आहेत: राग निवतो, शमतो, ओसरतो, उतरतो, मावळतो. 'गिळणे' आणि 'आवरणे' यांत तो गेलेला नसतो. मराठीत राग 'विझला' असं फारसं म्हणत नाहीत, पण 'भडकला' सर्रास म्हणतात. का, हे मला सांगता येणार नाही.

मनस्ताप की मनःस्ताप? पश्चाताप की पश्चात्ताप?

मनस्ताप (मनस् + ताप). विसर्ग आणि स् दोन्ही एकदम नकोत. पश्चात्ताप (पश्चात् + ताप), म्हणून दोन त. संताप आणि संतप्त अनुस्वाराने लिहा. 'सन्ताप' संस्कृत मजकुरात ठीक, मराठीत गरज नाही. संताप, राग, रोष, त्वेष, त्रागा हे पुल्लिंगी. चीड, तिडीक, तणतण, इतराजी या स्त्रीलिंगी. आणि 'संतापाच्या भरात' लिहायचं असेल तर ते दोन शब्द आहेत, जोडून लिहू नका.